गादीचा डोस

आम्हा दोघांना थॅलेसेमिया. मी खडकीचा, तो बिबवेवाडीचा; दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर पडून मोठे झालो. चढवलेल्या रक्तातलं लोखंड बाहेर पडत नाही, साठत जातं आणि शेवटी हृदयाला धरतं. माझ्यात इतकं साठलं होतं की दारूगोळा कारखान्याचे साहेब मला वितळवायला न्यायला आले होते. वडील तिथेच नोकरीला, म्हणून सोडलं. ही थाप मी त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, मारली आणि त्या घरातली माझी पत कायमची संपली.

लोखंड उतरवायला पोटाच्या कातडीत सुई खुपसून औषधाचा छोटा पंप रात्रभर चालवायचा. सकाळी लिंबाएवढ्या गाठी. मी टोचताना ओरडायचो ते थेट देहूरोडला ऐकू जायचं. तो मात्र गप्प. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागल्यावर एकदा त्यानं हसत हसत गुपित सांगितलं: सुई तो गादीत खुपसायचा. भिंतीपलीकडे काकू पंपाची घरघर ऐकत निर्धास्त झोपायच्या. पुण्यात इतकी लोहमुक्त गादी दुसरी नसेल.

रिपोर्ट बिघडत चालले. एक दिवस खाडा नाही, असं काकूंनी शपथेवर सांगितलं. डॉक्टर चक्रावले आणि त्यांनी डोस वाढवला. गादीचा.

पुढे त्याचे पाय सुजले. जिना चढताना तो मधेच बसायला लागला. मग मी त्याच्यादेखत काकूंना सगळं सांगून टाकलं. पुराव्यासाठी गादी उलटायला गेलो, तर पगारातून नवी कोरी आलेली.

तो शांतपणे म्हणाला, "आई, हा परवा आपल्याकडे रणगाड्यातून आला होता म्हणे."

काकू माझ्याकडे वळल्या. "नोकरी त्याला लागली आणि पोटात तुझ्या दुखतंय. चहा झालाय ना? मग नीघ."

पावसाळा संपायच्या आत त्याचं हृदय थांबलं.

दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. त्याचा पंप पदरानं पुसला. मग विचारलं, "खरं सांग. टोचून घ्यायचा ना रे तो?"

"घ्यायचा, काकू. रोज."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझं बोलणं त्यांना पटलं. लगेच डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे औषधातच काही नव्हतं."

पुढच्या आठवड्यात काकू वॉर्डात आल्या आणि खाटेखाटेशी थांबून प्रत्येक आईला तेच सांगत गेल्या.