द्रानेमावशी गायला शिकतात

द्रानेमावशी रविवारच्या मिस्सेत कधी गायच्या नाहीत. सगळं चर्च गात असताना त्यांचे नुसते ओठ हलायचे. अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये त्या मुलाकडे राहत. मुलाला रविवारीही काम असे, म्हणून त्यांना चर्चला नेणं माझ्याकडे आलं. मी वसईचा. आमच्याकडे मिस्सेत गळा सोडून गायलं नाही, तर तब्येत बरी नाही का म्हणून विचारतात. एकदा गाडीत मीही विचारलं, "मावशी, घसा बसलाय का?"

"घसा उत्तम आहे. सवय मोडली," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं; इथे ते माझ्या मराठीत.

त्या अल्बानियाच्या. तिथे कम्युनिस्टांनी धर्मावरच बंदी घातली. गावच्या चर्चचं धान्याचं कोठार झालं. मुलाचा बाप्तिस्मा मावशींनी स्वयंपाकघरात स्वतःच केला, तोही नळ सोडून, म्हणजे शेजाऱ्यांना फक्त पाणी ऐकू जावं. "देवाचे कान तिखट, पोलिसांचे त्याहून तिखट," असं त्या हसत सांगत. मला हसू येत नसे.

ती राजवट गेल्यावरही कोठाराचं पुन्हा चर्च व्हायला फार वर्षं लागली. गेल्या वर्षी झालं. पहिल्या मिस्सेचा व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. नवं छप्पर, फुलं, भरलेले बाक. फादरांनी गाणं सुरू केलं आणि सगळी म्हातारी माणसं नुसते ओठ हलवत उभी! तरुणांना तर शब्दच ठाऊक नव्हते. फादर बिचारे एकटेच गात राहिले.

"आम्ही मेलो की गाणंही मेलं," मावशी म्हणाल्या. "मी गावी जाणार. आधी तू मला मोठ्यानं गायला शिकव."

मुलानं डोक्याला हात लावला. "या वयात? आणि तुझ्या हार्टचं काय?"

"हार्ट माझ्याबरोबरच येणार आहे."

संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये तालीम सुरू झाली. त्या दार लावून घेत, मी उघडत असे. आधी आवाज फुटेचना. फुटला तो इतका बेसूर, की माझी मुलगी वरून ओरडली, "बाबा, इज एव्हरीथिंग ओके?" मावशी थांबल्या नाहीत. "सूर देव लावेल. मी आवाज लावते."

त्या गावी गेल्या. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"पहिल्या रविवारी एकटीच गायले. लोक वळून वळून बघत होते. मग एक म्हातारी माझ्या पाठोपाठ गायला लागली, मग बाकीच्या. आता पोरं शब्द शिकायला घरी येतात."

"छान! एअरपोर्टवर कधी येऊ?"

"येऊ नकोस. तिकीट कॅन्सल केलं. इथे गाणं कोण सुरू करणार?"

मला रडू आलं, थोडा रागही आला. ते त्यांना ऐकू गेलं असावं.

"रडतोस कशाला? रविवारी मोठ्यानं गा. तुला कधी कुणी अडवलेलं नाही."