धरमपेठेतल्या फरशीवरची मिनी

सांगलीहून निघताना माझ्या सामानात दोन साड्या होत्या आणि बाकी सगळी रांगोळी. नागपुरात धरमपेठेतल्या एका मंगल कार्यालयात व्यक्तिचित्र रांगोळ्यांचं प्रदर्शन होतं. आयोजकांनी एक प्रसिद्ध गायिका काढायला सांगितली होती. तिच्या शेजारची जागा मी मिनीसाठी मागून घेतली. मिनी ही माझी मावसबहीण शोभा हिची मुलगी. गेल्या वर्षी डेंग्यूने गेली. शोभाला तिचा चेहरा एकदा मोठा बघायचा होता.

स्टेशनबाहेर तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घेतले.

"काकू, तर्री कमी टाकू का?"

"टाक भरपूर."

दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. पोहेवाला हसला. "विचारून तं राहिलो होतो, काकू!"

रांगोळी उडते म्हणून कार्यालयात पंखे बंद. बाहेर ऊन रणरणत होतं. माझ्या घामाचा थेंब गायिकेच्या गालावर पडला, तर तिथे मी खळीच काढली. लोक म्हणाले, "हुबेहूब!"

मिनी मात्र कॉलेजच्या ओळखपत्रावरून काढली. शोभा कोराडीहून बसने आली. तिकडे संसार करून तिची बोली पक्की नागपुरी झाली आहे. ती रांगोळीजवळ वाकली.

"छान आहे वं ताई. पण हे मिनी नाही."

"काय चुकलं?"

"तिचे डोळे हसली का बारीक व्हायचे."

डोळे बारीक केले. मग हनुवटी, मग ओठ. रांगोळी खोडता येत नाही. रंगावर रंग टाकला की मळकट होतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर शोभा मान हलवायची.

बघायला आलेल्या एक बाई वाकल्या. "हे कोणती हिरोईन आहे वं?"

"माही पोरगी आहे," शोभा म्हणाली.

"नाही जमली पण. ते बाजूची पाहा, कशी आली!"

त्या बाईंनी मिनीला कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मी शेवटचं विचारलं, "नाक नीट आठवून सांग."

शोभाने डोळे मिटले. उघडले. फरशीकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

"ताई, मले आता हेच दिसून राहिलं."

मी कुंचा आणला आणि मिनीला झाडून घेतलं. शोभाने सुपलीही धरली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. ती पोचवायला आली नाही. शेजाऱ्यांच्या हाती संत्रा बर्फी पाठवली होती. गायिकेला आपण फोटोतच ओळखतो, म्हणून ती फोटोसारखी झाली की पुरतं. शोभाने मिनीला वीस वर्षं रोज पाहिलं होतं, आणि मी एका ओळखपत्रावरून कामाला लागले. फरशी मी स्वच्छ करून दिली. शोभाला डोळे मिटल्यावर अजून रांगोळीतलाच चेहरा दिसत असणार, आणि तो मिनीचा नाही.