केरूभाऊंचं उपाशी शेवाळ

हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो होतो म्हणून. आता केरूभाऊच राहिले नाहीत.

अवसरी बुद्रुकच्या माळावर आमच्या महाविद्यालयाने सिमेंटच्या चार लांबट टाक्या बांधल्या होत्या. त्यांत डोळ्यांना सुटं दिसत नाही असं बारीक शेवाळ वाढवायचं, त्याचं तेल काढायचं आणि तेलापासून डिझेल करायचं, असा तो प्रकल्प. प्रमुख मी. टाक्या सांभाळायला गावातले केरूभाऊ. सकाळी आले की चपला काढून, बाही दुमडून ते उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे. बोटं दिसेनाशी झाली की म्हणायचे, "सर, भरलं." मग मी यंत्रावर मोजायचो. यंत्र त्यांच्या हातापेक्षा वेगळं क्वचितच सांगे.

शेवाळाने तेल धरावं म्हणून शेवटी त्याचं नत्र, म्हणजे युरियासारखं खत, तोडायचं असतं. हे समजावलं तेव्हा ते हसले. "म्हंजे उलटंच की! आपून उपाशी राह्यलो की वाळतो, अन् हे उपाशी राह्यलं की चरबी धरतंय." पुढे कोणी पाहायला आलं की ते मला बोलूच द्यायचे नाहीत. "पावणं, हिरवं बघून भुलू नका. पिवळं पडलं, तवा तेल."

त्या वर्षी अनुदान देणारी समिती यायची होती आणि टाक्या नेमक्या पिवळट झालेल्या. सगळं बरोबर चाललं होतं. पण फोटोत ते गढूळ डबकं दिसलं असतं. चार दिवस आधी मी युरियाची गोणी फोडली.

केरूभाऊ आडवे आले. "सर, नका. दहा दिस उपाशी ठिवलंय त्याला. आता खाऊ घातलं तर समदं तेल जिरंल."

"समितीला तेल दिसत नाही केरूभाऊ, रंग दिसतो."

"मंग मी सांगतो की त्यांला!"

"तुम्ही सांगणार?" मी म्हणालो, आणि हसलो. ते बाजूला झाले. युरिया मी माझ्या हाताने टाकला.

समिती आली तेव्हा टाक्या हिरव्यागार होत्या. फोटो झाले. पण एका सदस्याने नमुना भरून नेला, आणि त्यात तेल जवळजवळ निघालंच नाही. खुलासा मागवला गेला. मी लिहिलं, कामगाराने शेतातल्या सवयीने, न विचारता युरिया टाकला. शेतकरी माणूस, कोणालाही पटलं असतं. समितीने विचारलं तेव्हा केरूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "सर म्हणत्यात तसंच व्हतं."

त्यांना कामावरून काढलं. फाटकाशी ते म्हणाले, "तुमी गेला असता तर टाक्याच बुजवल्या असत्या. शेवाळ तेवढं मरू देऊ नका."

टाक्या दोन वर्षांत बुजल्याच. गावात मात्र गोष्ट राहिली. टपरीवर कोणीतरी विचारायचंच, "काय केरूनाना, आज कुणाला युरिया?" शेवटी ते टपरीवर जायचेच बंद झाले.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी असल्याचं कळलं आणि मी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. ते ओट्यावर खाटेवर होते. शेजारी उन्हात काचेची बरणी, आत पिवळट पाणी. काम सुटलं त्या दिवशी टाकीतून बाटलीभर नेलेलं शेवाळ त्यांनी इतकी वर्षं जगवलं होतं.

"उपाशी ठिवलंय," ते हसून म्हणाले. "तेल धरलंय बघा."

मी तोंड उघडणार, तोच त्यांचा मुलगा चहा घेऊन आला. कप ठेवून त्याने हात जोडले. "सर, आमच्या आबांकडनं तवा लई मोठी चूक झाली. तुमचं काम बुडालं. तरी तुमी आलात. मनात ठिवू नका."

केरूभाऊ बरणीकडे पाहत राहिले.

मी म्हणालो, "असू दे."

पंधरा दिवसांत ते गेले. त्या 'असू दे'च्या जागी, त्या मुलासमोर, मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: बाळा, युरिया मी टाकला. तुझे आबा नको म्हणत होते. केरूभाऊ, मला माफ करा.