पहिला वार

दुबईत करामातल्या फ्लॅटचा एसी बंद करून खिडकी उघडता आली, की कुंदा वायंगणकरचा सण सुरू. उन्हाळाभर गप्प बसलेला ओव्हन त्या शुक्रवारी तापायचा आणि न्याहारीला लाल भोपळ्याचा ब्रेड व्हायचा. त्यात गूळ आणि जायफळ अगदी घारग्यांसारखं.

२००४ साली मात्र घोडं अडलं. ओव्हन तापला, मैदा चाळून झाला, पण अख्खा भोपळा ओट्यावर तसाच! नवरा, अनिल, ड्युटीवर होता आणि भोपळ्यावर पहिला वार पुरुषानेच करायचा, अशी सासर-माहेरची रीत.

"मम्मी, जस्ट कट इट!" लेक रिद्धी ओरडली.

"तुझं इंग्लिश त्या भोपळ्याला सांग!" म्हणत कुंदा भोपळा काखोटीला मारून जिना चढली. वरच्या खोलीत साइटवर काम करणारी कोकणातली सात मुलं राहायची. दार केरूने उघडलं.

"केरू, यल्ला, चल लवकर, सुरी आण!"

केरूने एका घावात भोपळा फोडला. तासाभरात जिनाभर जायफळ घमघमलं. पहिला गरम तुकडा केरूचा. तो खाऊन केरूने बोटं चाटली. मग म्हणाला, "वहिनी, हे तर आईचे घारगे!" उरलेला अर्धा ब्रेड कुंदाने त्याच्याबरोबर वर पाठवला.

पुढच्या वर्षी अनिल घरीच होता. तो ऐटीत सुरी घेऊन सरसावला, तशी कुंदाने ती हिसकावली. "थांबा हो! तो मान केरूचा."

इतक्यात बेल वाजली. दारात केरू, त्याच्यामागे खोलीतले बाकीचे सहाही जण, आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक भोपळा!