गेरूची रेघ

पूर्णेच्या घाटावर जानराव भोयाची नाव होती आणि नावेच्या बाहेरच्या अंगाला गेरूची एक रेघ. पाणी रेघेला टेकलं की नाव भरली. मग आत बारा माणसं असोत की आठ माणसं आणि कापसाची गाठोडी. मलकापूरच्या बाजाराची कुणाला कितीही घाई असो, जानराव पुढचं माणूस चढू देत नसे. एकदा तलाठ्यालाही त्यानं उन्हात तासभर बसवून ठेवलं होतं. गाव त्याला तिरसट म्हणे. पण वीस वर्षांत त्याच्या नावेतून कुणाची चप्पलसुद्धा वाहून गेली नव्हती.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली, त्या साली त्याच्या सिंधूचं लग्न झालं. पोर पलीकडच्या गावात दिली होती. कार्तिक सरला तरी अवकाळी पावसानं नदी फुगलेली. पाठवणीला नवरानवरी आणि वऱ्हाडातली दहा माणसं बसली, पाणी रेघेला लागलं. ओटी भरून घेता घेता मागे राहिलेली विहीण मनकर्णाबाई आणि तिच्या चार जावा काठावर उरल्या.

जानराव दुसऱ्या खेपेचं बोलणार, तोच विहीण म्हणाली, "इवाई, सुनेसंगं सासू नाही गेली तं लोक काय म्हनतीन? आमाले काठावरच टाकून जाता काय?"

पडला मुलीचा बाप! तलाठ्यापुढे न वाकलेली मान तिथे वाकली. जळो तो मानपान! पाचही जणी चढल्या. रेघ पाण्याखाली गेलेली त्यानं पाहिली आणि तरी वल्हं उचललं.

मधल्या धारेत पाणी आत आलं. बाया घाबरून एका अंगाला सरकल्या आणि नाव कलंडली. जानरावाच्या हाती पहिला पदर लागला तो विहिणीचा. तिला काठाला लावून तो परत फिरला, बुड्या मारत राहिला. बाकीचे कसेबसे निघाले. सिंधू संध्याकाळी खालच्या डोहात सापडली, ओटीच्या गाठीसकट.

पंचनामा झाला. विहिणीबद्दल जानराव अवाक्षर बोलला नाही. चूक आपली, एवढंच त्यानं लिहून दिलं.

वर्षभरानं त्यानं नाव पुन्हा पाण्यात घातली. पलीकडच्या घाटावर बाजाराला निघालेली मनकर्णाबाई उभी होती. पाणी रेघेला लागलेलं. तिनं चढायला पाय उचलला.

"इहीनबाई, पुढच्या खेपेले या," जानराव म्हणाला.

ती मुकाट्यानं वाळूत बसली. ना राग, ना रुसवा. जानरावानं नाव लोटली, पण मधली धार येईतो त्याला रडू आवरेना. इतकं सोपं होतं ते.