आतोबा आणि गारव्याचे दोन टप्पे

आमच्या आतोबांनी उष्णतेचा जेवढा विचार केला, तेवढा सूर्याखाली दुसऱ्या कोणी केला नसेल. खुद्द सूर्यानंही तो केला असेल की नाही, शंकाच आहे. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. फौजेत औषधं ठेवायच्या थंड खोल्यांची यंत्रं सांभाळण्यात त्यांची उमर गेली आणि सुभेदार होऊन ते पलूसजवळच्या आपल्या गावी परतले. इतर फौजी येताना घोंगड्या आणि रमच्या बाटल्या आणत. आतोबांच्या काळ्या ट्रंकेतून सात थर्मामीटर निघाले. एक माठावर टांगला गेला, एक गोठ्यात, एक माळवदावर, आणि एक चक्क देवघरात. "देवाला कशाला हो?" असं आत्यानं विचारलं तर म्हणाले, "समई लावल्यावर किती फरक पडतो ते बघायचंय. देव काय बोलायचा न्हाई, आपणच बघाय पायजे." चहाची कपबशी समोर आली की आधी तळहात कपाभोवती धरून डोळे मिटायचे. आत्या वैतागून म्हणायची, "आवं, च्या हाय त्यो, ताप आलेलं पोर न्हाई. प्या की!"

एकदा मला साताऱ्याला भेटायला येताना ते सातारा मागे टाकून पुढे लोणंदलाच उतरले आणि कांद्याच्या बाजारात शिरले. पोत्याच्या पोटातला कांदा वरच्या कांद्यापेक्षा गरम का लागतो, हा प्रश्न त्यांना गाडीतच पडला होता. खाकी कोट घातलेला हा उंच माणूस पोत्यापोत्यात काचेची नळी खुपसतो आहे आणि वहीत आकडे लिहितो आहे हे पाहून अडत्यांना वाटलं, सरकारी साहेब आला. त्यांनी खुर्ची दिली, भजी मागवली. आतोबांनी भजीही मोजली असणार. संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "गड्या, कांदा श्वास घेतो. लय मोठी गोष्ट हाय ही!" मी बँकेत दिवसभर खतावण्या लिहून दमलो होतो, पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मलाही क्षणभर ती लय मोठी गोष्ट वाटली.

पण मला सांगायची आहे ती अण्णांच्या घरची हकीकत. अण्णा म्हणजे सांगलीजवळचे एक जैन बागायतदार. ऊस, हळद, स्वतःचं गुऱ्हाळ, दारात जीप, असा सगळा थाट. एका हंगामात गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील कलंडली आणि त्यांच्या बायकोची पाठ आणि दोन्ही दंड भाजले. मिरजेच्या इस्पितळात चार महिने काढून वहिनी वाचल्या. मात्र भाजल्या जागी जी नवी कातडी आली तिला घाम येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, "यांना उन्हाळा सोसणार नाही. खोली गार ठेवा. पण गारठा नको, त्यानंही त्रास होईल." अण्णांनी मागचापुढचा विचार न करता मुंबईच्या कुठल्याशा बंगल्यातलं जुनं वातानुकूलन यंत्र ट्रकमधून आणवलं. एका पेटीत गारवा करणारे दोन कॉम्प्रेसर, एक धाकटा आणि एक थोरला. खोली किती तापली हे पाहून यंत्र चालू-बंद करणारी भिंतीवरची डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, तेवढी वाटेत फुटली होती. मिस्त्रीनं हाताला लागली ती दुसरी डबी बसवली आणि तिथूनच सगळ्यांचे हाल सुरू झाले. यंत्र लागलं की गावातले दिवे डोळे मिचकावत, पिठाची गिरणी कण्हू लागे, आणि आत वहिनी दुलई पांघरून कुडकुडत. मग यंत्र बंद पडे ते पडेच, आणि थोड्या वेळानं त्या ओल्या टॉवेलात तळमळत बसत.

अण्णांनी आतोबांना बोलावणं धाडलं. मी रजेवर आलो होतो, आणि इंग्रजी माहितीपत्रकं वाचायला माणूस हवा म्हणून त्यांनी मलाही सोबत घेतलं. अण्णांनी उंबऱ्यातच एक चकचकीत खोका पुढे केला. आत पितळी तबकडीचा, घड्याळ बसवलेला थर्मोस्टॅट होता. "सुभेदार, मुंबईचा सगळ्यात भारी माल हाय. तेवढा जोडून द्या." आतोबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला.

"ह्यो एकच हुकूम देतो, अण्णा. उठा म्हटलं की दोघं उठायचे, बसा म्हटलं की दोघं बसायचे. तुमच्या मशिनीत हायती दोन गडी. मला सांगा, सपाट रस्त्याला तुमी गाडीला दुसरी बैलजोडी जुंपता का?"

"न्हाई. चढ लागला की जुंपतो."

"मग ह्येबी तसंच. आधी धाकट्यानं ओढायचं. त्याच्यानं भागंना, तवाच थोरल्याला हाक मारायची. तशी हाक मारणारा थर्मोस्टॅट पायजे. साधाच असतो, दिसायला काय न्हाई त्यात."

अण्णांना ते पटलं, पण भारी वस्तू परत करायची म्हणजे त्यांच्या मनाला लागलं. ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "ह्या डबीवर नंबर तरी हायती. तुमच्या साध्याला काय कळणार किती गार करायचं ते?"

"मशीन कुणासाठी आणलंय, अण्णा? तुमच्यासाठी का वैनींसाठी?" एवढंच बोलून आतोबा आत गेले.

पुढचे तीन दिवस त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. पडवीत चटई टाकून ते बसले, आणि दर तासाला दारातून विचारायचे, "वैनी, आता कसं वाटतंय?" पहिल्या दिवशी वहिनी लाजून म्हणत, "बरं हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाठ ओढल्यागत होतीया." तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच हाक मारायला लागल्या. "सुभेदार, लिवा! अकरा वाजता थंडी भरली. तीन वाजता आग आग." मी वहीत लिहीत होतो. अकराला थंडी, तीनला आग, तिन्ही दिवस तेच. मी म्हटलं, "बाहेर ऊन चढत असताना थंडी कशी?" आतोबांचे डोळे लोणंदच्या कांद्याच्या वेळेसारखे चमकले. ते उठले आणि खोलीची एकेक भिंत तळहातानं चाचपत निघाले. डबीच्या भिंतीशी येऊन थांबले.

"ह्याच्या पलीकडं काय हाय?"

"चूल," वहिनी म्हणाल्या.

आतोबा खदखदून हसले. सकाळी स्वयंपाक सुरू झाला की भिंत तापायची, डबीला वाटायचं खोली पेटली, आणि दोन्ही गडी कंबर कसून उठायचे. दुपारी चूल निवली की डबीही निवायची, आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं तरी तिला पत्ता नसायचा. "बिचारी खरंच बोलत हुती," आतोबा म्हणाले. "आपणच तिला चुलीपाशी बसवली."

मिरजेला इस्पितळांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही दोन टप्प्यांचा साधा, राखाडी थर्मोस्टॅट आणला. तो आतल्या भिंतीवर, चूल, ऊन आणि यंत्राचा झोत यांपासून दूर, वहिनींच्या पलंगाच्या उंचीला लावला. आतोबांनी आकड्यांवर कागद चिकटवला आणि चक्री वहिनींच्या हातात दिली. "तुमाला बरं वाटंल तिथं थांबा." वहिनींनी ती सावकाश फिरवली, थांबल्या, पुन्हा किंचित मागे आणली. धाकटा कॉम्प्रेसर हळूच गुरगुरला. गावातले दिवे लुकलुकले नाहीत. आम्ही सगळे अर्धा तास त्या आवाजाकडे कान लावून बसलो. थोरला दुपारी तीनच्या सुमाराला एकदा उठला आणि काम आटोपून निजला. वहिनींनी खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला.  अण्णा बायकोला म्हणाले, "बरं वाटतंय का गं?" वहिनी नुसत्या हसल्या.

आतोबा गेले ते दोन-तीन वर्षांनी, ऐन वैशाखात. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आत्याच्या दारात जीप थांबली आणि अण्णांमागून वहिनी उतरल्या. डोक्यावरून पाठीवर जुन्या लुगड्याचं ओलं धडपं घेतलं होतं, ते वाटेतच सुकत आलं होतं. चेहरा लालबुंद. आत्या घाईनं पुढं झाली. "आवं, एवढ्या उन्हाचं कशाला आलासा?" वहिनी तिच्याशेजारी पुढच्या सोप्यात टेकल्या. घटकाभरानं अण्णा हळूच म्हणाले, "निघूया, तुला सोसायचं न्हाई." त्या म्हणाल्या, "बसू द्या जरा." आत्या उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली, आणि ते धडपं भिजवून तिनं पुन्हा त्यांच्या पाठीवर पसरलं. मग दोघी भिंतीला टेकून ऊन उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या.