हाकेला ओ

हवाईतळाच्या दुरुस्तीखान्यात तिला सगळे आत्या म्हणायचे. खरी आत्या ती एकाचीच. पण हा भाचा विमानदळात लागल्यापासून तिच्या टेबलाशी इतका घुटमळायचा आणि इतक्या मोठ्याने "आत्या, आत्या" करायचा, की पुढे साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले. तिला ते मनापासून आवडायचं. तसं ती कधी कबूल करणार नाही, ते सोडा. राग कायम नाकावर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपणहून दोन पावलं मागे सरावं.

तिचं काम एका डब्याचं. लढाऊ विमानाच्या रडारला दुसरं विमान दिसतं म्हणजे काय दिसतं? पडद्यावर एक ठिपका. तो आपला की परका, हे काही त्या ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. मग रडारच्या जोडीचं यंत्र सांकेतिक हाक मारतं, आणि समोरच्या विमानातला डबा त्या दिवसाच्या संकेतात आपोआप ओ देतो. ओ आली की आपला. "आणि नाही आली तर?" असं एखाद्या नवख्याने विचारलं, की आत्या म्हणायची, "तर तुझा डबा बिघडलाय, नाहीतर तू बावळट आहेस, नाहीतर तू शत्रू आहेस. वरच्याला तिन्ही सारखेच दिसतात."

बावळटपणाचा तिला विशेष तिटकारा. वीज तोडली की डब्यातला संकेत पुसला जातो. विमान शत्रूच्या हाती पडलं, तर संकेत पडू नये म्हणून तशी सोय. वाटेत उतरून पुन्हा उडायचं असेल, तर इंजिनं बंद करण्याआधी एक खटका फिरवायचा, म्हणजे संकेत टिकतो. भाचा मालवाहू विमानावर सहवैमानिक होता आणि खटका त्याच्याच हाताशी. आत्या त्याच्या इतकी कानीकपाळी ओरडली होती, की तो घरी येताना दारातूनच आरोळी ठोकायचा, "खटका फिरवला गं!" आणि वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, "नणंदबाई, माझ्या पोराला आधी घरात तरी येऊ द्या." भाऊ गेल्यापासून दोघी त्या एका पोराच्या तोंडाकडे बघून जगत होत्या.

लढाई लागली, आणि एका सकाळी त्याचं विमान आपल्याच लढाऊ विमानाने पाडलं.

पाडणाऱ्या वैमानिकाला दोष द्यावा, तर तोही देता येत नाही. ढगांत डोळ्यांनी काही दिसेना. हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली, तरी नाही. रेडिओवर शत्रूने नुसती खरखर भरून ठेवलेली. मग रडारने दुसरा उपाय केला. फिरत्या पंख्यांवरून परतणाऱ्या लहरी थरथरतात, आणि त्या थरथरीवरून विमान कुठल्या जातीचं ते ओळखता येतं. जात कळली, मालवाहू. पण तसलीच विमानं शत्रूकडेही होती, एकाच विकणाऱ्याकडून घेतलेली. ठिपका तळाकडे येत होता आणि तळावर माणसं होती. त्याने बटण दाबलं.

शेपटीकडचा भाग बराचसा शाबूत सापडला. त्यातला डबा तपासायला आला, तेव्हा साहेब म्हणाले, "आत्या, हे दुसऱ्या कुणाला देतो."

"हात तर लावून बघा," ती म्हणाली.

डब्यांनी ओ द्यावी म्हणून तिने जन्मभर जिवाचं रान केलं होतं. त्या दुपारी मात्र वीज जोडताना ती मनात म्हणत होती, बिघडलेला निघ. मेल्या, एवढा एक तरी बिघडलेला निघ. तिने संकेत भरला, हाक मारली. डब्याने तत्काळ ओ दिली. डब्याच्या पोटातल्या नोंदीतही तेच निघालं. वाटेतल्या धावपट्टीवर वीज तोडली, पण खटका फिरवला नव्हता. तिथून जखमी भरून घाईघाईत उडाले आणि तपासायचंही राहिलं. आत्याने साहेबांना खरं तेच सांगितलं. डब्यावर ढकललं असतं, तर सगळ्या विमानांतले चांगले डबे उतरवले असते आणि बाकीची पोरं मुकीच वर गेली असती.

घरी वहिनी दारातच उभी होती.

"तपासलास?"

"हो."

"मग मला एक सांग. त्या दिवशी मी त्याला फोन केला होता. नुकताच उतरला होता. म्हणाला, आई, थांब जरा, इंजिनं बंद करतोय. मी म्हटलं, तुझं नेहमीचंच, आधी माझं ऐक. आणि बोलतच राहिले गं. घराला रंग कुठला द्यायचा, ते." वहिनीने तिचा दंड घट्ट धरला. "त्या नादात त्याचं काही राहिलं का? तुझा तो खटका?"

खटका का राहिला, हे आत्याला आत्ता कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "खटका त्याने फिरवला होता. डबाच बिघडलेला होता."

"तपासून कुणी दिला होता?"

"मी."

वहिनीने दंड सोडला. सुटल्यासारखी ती धाय मोकलून रडली. मग तिने डोळे पुसून आत्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत ओळख उरली नव्हती.

साहेबांना गळ घालून आत्याने घरी खरं काही कळू दिलं नाही. तिचा बाडबिस्तरा मागच्या खोलीत गेला. ताट दारात येतं, तेही आपटून. वहिनी उठल्या-बसल्या शिव्यांची लाखोली वाहते, "माझं पोर खाल्लंस, आता मला खा." शेजारीण म्हणते, एवढं ऐकून घेतेस तरी कशाला? आत्या तिलाच झापते.

परवा सकाळपासून पुढच्या खोलीत शिवी नाही की भांड्याचा आवाज नाही. मधल्या दारावर थाप मारून आत्या म्हणाली, "वहिनी?" काही नाही. "वहिनी, अगं!" तरी नाही. दाराला कान लावून तिने पुन्हा हाक मारली.

"मेले नाही अजून," आतून आलं. "तू मर आधी."

आत्याचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच, दाराला पाठ लावून खाली बसली.